काचघरातली म्हातारी

“दोन रेघा. माझ्या पट्टीवर दोन आणि त्याच्या पट्टीवरही दोन. अजून काय पाहिजे तुला?”

दादा लॅबच्या काउंटरवर कोपरं टेकून उभा होता. समोर कागदी पट्ट्या मांडलेल्या होत्या. पान चुरडायचं, रस पट्टीला लावायचा आणि थोडं थांबायचं. एकच रेघ उमटली तर झाड निरोगी, दोन उमटल्या तर व्हायरस आहे. दादाने दोन पिशव्यांतून पानं आणली होती. एका पिशवीत त्याच्या पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोची, अरुंद झालेली, फिकट-गडद डागांची. दुसरीत रोपवाल्याच्या नर्सरीतली. वरवर पाहता ती बरी दिसत होती, पण पट्टीने त्यांनाही सोडलं नव्हतं.

“ही पानं त्याने दिली कशी?” ताईने विचारलं.

“स्वतःच्या हाताने खुडून दिली. म्हणाला, ने आणि काय तपासायचं ते तपास, मला कशाची भीती आहे? आता कळेल.”

“पट्टी फक्त रोग आहे की नाही एवढं सांगते, दादा. कुठून आला ते सांगत नाही.”

“ते मी सांगतो ना. रोपं कोणाकडून घेतली? त्याच्याकडून. रोग कोणाकडे निघाला? त्याच्याकडे.”

“सुतावरून स्वर्ग गाठायची सवय काही गेली नाही तुझी.”

“शहाणे, हे सूत नाही, दोरखंड आहे.” दादा हसला, पण डोळे हसत नव्हते. “शनिवारी टोमॅटोवाल्यांची बैठक आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्याच्याकडून एकानेही रोप घेता कामा नये. तोवर तुमचं ते अक्षरं जुळवायचं काय असतं, ते करून ठेव. लॅबचा शिक्का असला की कोणी तोंड वर करून बोलणार नाही.”

लॅबमध्ये तिला लहानथोर सगळे ताईच म्हणत. लॅबच्या मुख्य मॅडम तिच्यापेक्षा बऱ्याच लहान, पण त्याही ताई म्हणत. शहाणे म्हणणारा एक दादाच उरला होता. लहानपणी ती प्रत्येक गोष्टीत “असं नाही, तसं” म्हणायची, म्हणून त्याने चिडवायला ठेवलेलं हे नाव. पुढे ती रोगांच्या लॅबमध्ये टेक्निशियन झाली आणि दादा तेच नाव कौतुकाने घ्यायला लागला. चारचौघांत तो सांगायचा, “आमची शहाणी पानाच्या रसातून रोगाची कुंडली काढते.” कुंडली काढत नाही, असं तिने शंभरदा सांगून झालं होतं.

काम तसं कंटाळवाणंच. पानाचा तुकडा खलात घालायचा, वर वाफाळणारा थंडगार नायट्रोजन ओतायचा आणि पीठ होईपर्यंत कुटायचं. त्या पिठातून एकेक पायरीने व्हायरस वेगळा करायचा आणि मशीनला द्यायचा. मशीन त्याची अक्षरं वाचतं. व्हायरस म्हणजे सगळा मिळून सहा हजारांवर अक्षरांचा मजकूर, तोही चारच अक्षरांचा. एका झाडातून दुसऱ्या झाडात जाताना तो स्वतःची नक्कल करतो आणि नक्कल करताना चुकतो. त्या चुका पुढच्या पिढीत तशाच उतरतात. ज्या दोन व्हायरसांत चुका सारख्या, ते जवळचे. ज्यांच्यात वेगळ्या, ते लांबचे. सख्खे कोण, चुलत कोण, हे पडद्यावर अक्षरं एकाखाली एक मांडली की दिसतं.

तुलना करायची तर हाताशी काहीतरी जुनं, ओळखीचं लागतं. त्यासाठी लॅबच्या मागे एक काचघर होतं आणि त्यात कुंड्यांमध्ये एक व्हायरस वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेला होता. लॅबमधले त्याला म्हातारी म्हणायचे. झाड म्हातारं झालं की त्याच्या पानाचा रस काढायचा आणि नव्या झाडाच्या पानावर हातमोजातल्या बोटाने हलकेच चोळायचा. बस, म्हातारी नव्या घरात राहायला गेली. हे काम पहिल्यापासून ताईकडे होतं. इतकी घरं बदलल्यामुळे म्हातारीच्या मजकुरात काही चुका अशा झाल्या होत्या की त्या बाहेरच्या कुठल्याच व्हायरसात नव्हत्या.

काचघराचा नियम एकच होता आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो ताईच सांगायची. इथे काम करणाऱ्याने टोमॅटोच्या कुठल्याही पिकात पाऊल टाकायचं नाही. हा व्हायरस हवेतून जात नाही, किड्याची वाट बघत नाही. तो हाताला, कपड्याला, कात्रीला चिकटतो, महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि पुढच्या झाडाला हात लागला की उतरतो. हे ती इतक्या कडक आवाजात सांगायची की एका नव्या मुलीने आठवडाभर भाजीतला टोमॅटोसुद्धा खाल्ला नव्हता.

ताई स्वतः नियम पाळायची. कोणी कितीही आग्रह केला तरी कुणाच्या पिकात जायची नाही. फक्त दादाकडे जायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं आणि रविवारी जायला हे एकच घर होतं. दादाचं पॉलिहाऊस तिच्या लेखी पीक नव्हतंच. ते माहेर होतं.

तिथे दादाचेही नियम होते. दारात पाय बुडवायला औषधाचं पाणी, हात धुवायला साबण, अंगावर चढवायला पांढरा कोट. परक्याला प्रवेश नाही. सख्ख्या मेहुणीला त्याने दारातून परत पाठवलं होतं आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला होता. पण ताई साबणाकडे वळली की तो म्हणायचा, “चल गं, तुला कसले नियम. तू तर नियम करणाऱ्यांतली.”

मग दोघं ओळीतून चालायची. दादा पुढे, ती मागे. टोमॅटोच्या खोडाच्या आणि पानाच्या बेचक्यात जो जादा कोंब येतो, त्याला बगलफूट म्हणतात. ती वेळच्या वेळी खुडली नाही तर झाड नुसतं पसरतं. दादा ती भराभर खुडायचा, पण गुडघ्यांमुळे वाकायचा कंटाळा करायचा आणि खालची राहून जायची. मागून ताई ती काढत यायची. “खालची राहिलीये,” असं ती म्हणायची आणि दादा न वळता म्हणायचा, “तू आहेस ना.” त्यांच्या रविवारच्या निम्म्या गप्पा एवढ्याच असायच्या.

दादाच्या पानांतला मजकूर पडद्यावर आला तेव्हा ती चहा घेत होती. वर दादाचा, खाली रोपवाल्याचा. दोन्ही एकाच आडनावाचे होते यात शंका नाही, पण जवळचे नव्हते. जागोजाग अक्षरं वेगळी होती. रोपवाल्याचा व्हायरस आजूबाजूच्या गावांत गेल्या वर्षी सापडलेल्यांच्या कुटुंबात नीट बसत होता. दादाचा तिथे कुठेच बसत नव्हता. रोपवाल्याने दादाला रोग दिलेला नाही, एवढं तिथेच स्पष्ट झालं.

मग कोणी दिला? तिने साठवलेले सगळे मजकूर एकेक करून त्याच्याखाली लावून पाहिले. शेवटी, काहीच जुळेना म्हणून, म्हातारीचा लावला.

तो अक्षर न्‌ अक्षर जुळला. बाहेर कुठेच नसलेल्या म्हातारीच्या त्या चुकासुद्धा एकूण एक जुळल्या.

नमुन्यांची सरमिसळ झाली असेल, असं तिला आधी वाटलं. वाटलं म्हणजे, तसंच असावं असं तिला फार वाटत होतं. ती मॅडमकडे गेली आणि काय झालं ते सांगितलं. पिशवीच्या तळातली, ताईचा हात न लागलेली पानं काढून, दुसऱ्या खोलीत, मॅडमनी स्वतःच्या हाताने सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच आलं.

“ताई, ही आपली म्हातारी आहे,” मॅडम म्हणाल्या. “ही बाहेर गेली कशी?”

ताई पडद्यावरच्या त्या चुका पुन्हा मोजायला लागली.

“तुम्ही जाता का दादांकडे?”

“रविवारी.”

“घरी, की पिकात?”

“पिकात. बगलफूट काढते.” मग तिने घाईघाईने सांगितलं, “पण आंघोळ करून जाते, मॅडम. कपडे वेगळे, चपला वेगळ्या, पिशवीसुद्धा वेगळी. इथली एक वस्तू नेत नाही मी तिकडे.”

आणि बोलता बोलता तिने नेहमीसारखा घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलला.

दोघीही त्या बोटाकडे बघत राहिल्या. हा चष्मा दिवसातून शेकडो वेळा घसरायचा. काचघरात ती तो हातमोजातल्या बोटाने वर करायची. दादाकडे उघड्या बोटाने वर करायची आणि त्याच बोटांनी कोंब खुडायची.

तिने चष्मा काढला. ओल्या कापसाने नाकावरचा दांडा पुसला, कापूस पाण्यात पिळला आणि ते पाणी पट्टीला लावलं. पट्टी डोळ्यांजवळ धरूनही तिला नीट दिसेना, म्हणून मॅडमनी वाचली.

“दोन,” मॅडम म्हणाल्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण ताई दुसऱ्यांना नेहमी ऐकवायची. त्या दिवशी ती तिला स्वतःला लागू पडली आणि तिला मनापासून लाज वाटली. लाजेहून मोठी भीती होती. दादाला हे सांगितलं की रविवार संपले, हे तिला स्वच्छ दिसत होतं. न सांगण्याची वाटही समोरच पडलेली होती. दोन्हीकडे रोग आहे, एवढंच लिहायचं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मॅडम लॅबचा अहवाल वर पाठवणार होत्या, पण तो गावात कोण वाचणार होतं?

शुक्रवारी संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. चष्मा उकळत्या साबणाच्या पाण्यातून काढलेला होता, तरी पॉलिहाऊसच्या बाजूने न जाता ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. वहिनी पोळ्या लाटत होती.

“आज मागच्या दाराने? आणि तेही शुक्रवारी?” वहिनी म्हणाली.

“दादाला बोलव.”

दादा आला, स्टूल ओढून बसला. ताईने सगळं उभ्यानेच सांगितलं. म्हातारीचं सांगितलं, चुकांचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं. वहिनीची पोळी तव्यावर करपली तेव्हा कुठे तिने ती उलटली.

“म्हणजे तुम्ही तिथे रोग पाळता?” दादाने विचारलं.

“ठेवावा लागतो. तुलना करायला. तराजूत टाकायला वजन लागतं तसं.”

“आणि तो तू नाकावर घेऊन इकडे यायचीस.”

“हो.”

“रोपवाल्याचा आणि माझा एक नाही?”

“सख्खा नाही आणि चुलतही नाही. त्याच्याकडचा वेगळाच आहे. त्यालाही त्याच्या दोन ओळी काढून टाकाव्या लागतील, पण तुझ्याकडे आला तो त्याचा नव्हे.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” वहिनी हळूच म्हणाली. दादाने तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढची पोळी लाटायला घेतली.

दादाने स्टूल मागे सरकवलं. तो ओरडेल, असं ताईला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. सगळं पीक उपटावं लागणार होतं, माती बदलावी लागणार होती, पुढचे कितीतरी महिने पॉलिहाऊस रिकामं राहणार होतं. ते त्याला न सांगता कळत होतं.

“हे लॅबमध्ये कोणाला माहीत आहे?” शेवटी त्याने विचारलं.

“मॅडमना.”

“त्या इथे येऊन सांगणार नाहीत.”

“नाही.”

“मग तूही सांगायचं नाहीस.” दादाने मान वर केली. “उद्या बैठकीत एवढंच सांगू, दोघांकडे रोग आहे. लोकांना काय समजायचं ते समजू दे. तुझं नाव कुठे यायला नको. नोकरीची थोडी वर्षं राहिलीत तुझी.”

“आणि रोपवाला?”

“त्याचं काय? त्याच्याकडे रोग नाही का? आहे. मग?”

“दादा, तू गावभर सांगत फिरलायस. दोघांकडे रोग आहे म्हटलं की त्याच्याकडून उद्यापासून एक रोप जाणार नाही. शाळेत तुम्ही एका बाकावर बसायचात.”

“बसायचो. पाण्याच्या पाइपावरून तो माझ्याशी कसा भांडला तेही मला आठवतंय.” दादाचा आवाज पहिल्यांदा चढला. “तो माझा कोण? तू बहीण आहेस. आपलेच दात, आपलेच ओठ. मी तुला वाचवतोय आणि तू मलाच शिकवतेस.”

ताईला गलबलून आलं. इतकं नुकसान करूनही दादा आपल्या बाजूने उभा राहतोय, आणि उभा राहतोय तो नेमका चुकीच्या जागी, याचं तिला एकाच वेळी बरं आणि फार वाईट वाटलं.

“असं नाही, दादा,” ती म्हणाली. “मी सांगणार आहे उद्या.”

“शहाणीच ना तू,” दादा म्हणाला आणि उठून बाहेर गेला. वहिनीने पानं वाढली, पण तो जेवायला आला नाही. ताईनेही एक पोळी कशीबशी खाल्ली.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक करकरणारा पंखा आणि माइक होता, पण तो चालत नव्हता. रोपवाला शेवटच्या रांगेत एकटा बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एरवी त्याच्याशेजारी बसायला गर्दी व्हायची, कारण नवी रोपं कधी येणार हे त्यालाच माहीत असायचं. दादा पुढच्या रांगेत होता. ताई आत आली तेव्हा त्याने पाहिलं आणि नजर वळवली.

तिला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. तिने भाषण केलं नाही. व्हायरस कुठला, कोणत्या चुकांवरून ओळखला, कोणाच्या हातून आला, एवढं सांगितलं. “रोपवाल्यांकडचा व्हायरस वेगळा आहे. माझ्या भावाच्या पिकात गेलेला व्हायरस मी नेला. चष्म्यावरून गेला.” मागून कोणीतरी हसलं. विनोद आहे असं त्याला वाटलं असावं. मग हसू थांबलं. दुसऱ्या कोणीतरी विचारलं, “म्हणजे आम्हीपण चष्मे धुवायचे?” ती म्हणाली, “हो. चष्मे, मोबाइल, घड्याळ, सगळं.” त्यावर बराच वेळ चर्चा झाली. माणसांना रागवायला कोणी सापडलं नाही की ती कामाचं बोलतात.

दादा मध्येच उठून गेला होता.

हॉलबाहेर रोपवाला तिची वाट बघत थांबला होता. हातातली टोपी त्याने डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली.

“बोललात ते बरं झालं,” तो म्हणाला. “नाहीतर मी मेलोच होतो.” मग टोपीची घडी घालत, “त्याच्याकडे किती ओळी आहेत? उपटायला माणसं लागतील. माझी दोन पाठवतो. माझ्या ओळीही तशा उपटायच्याच आहेत.”

“तो नको म्हणेल.”

“म्हणू दे. शाळेतही आधी नकोच म्हणायचा.”

सोमवारी ताईने काचघराची किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी ती मागितली नव्हती, पण परतही केली नाही. ताईला काउंटरवर बसवलं, नमुने घ्यायला आणि पट्ट्या लावायला. म्हातारी त्या टोमॅटो न खाणाऱ्या मुलीकडे गेली. रस चोळताना बोट किती हलकं ठेवायचं, हे ताईने तिला काचेच्या बाहेरून खुणांनी दाखवलं. मुलगी चांगली होती. चष्मा नव्हता तिला.

दादाचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. रविवारी ती घरातल्या घरात कपाटं आवरायची. वहिनीच मधूनमधून खबर द्यायची. झाडं उपटली, खड्ड्यात जाळली. रोपवाल्याची माणसं आली होती, दादाने त्यांना चहा दिला. तारा धुतल्या, माती काढली. मग बरेच दिवस काहीच नाही. मग नवी रोपं लावली. कोणाकडची, असं ताईने विचारलं. “अजून कोणाकडची असणार?” वहिनी म्हणाली.

आणि एक दिवस वहिनी म्हणाली, “ये की गं. तो काही बोलत नाही, पण रविवारी दोनदोनदा फाटकापर्यंत जाऊन येतो. मी विचारलं तर म्हणतो, कुत्रं भुंकलं.”

ती गेली. पॉलिहाऊसच्या दारावर नवी पाटी होती. कोणीही आत येऊ नये, असं दादाच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं. दाराबाहेर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एक खुर्ची ठेवलेली होती. घरातली, जेवणाच्या टेबलाची. ती तिथे कोणासाठी आणून ठेवली आहे, हे विचारायची गरज नव्हती.

ती बसली. सवयीने चष्मा काढला, डबीत घातला, डबी पर्समध्ये ठेवून चेन लावली.

“घाल चष्मा,” आतून दादाचा आवाज आला. “तिथून काही पोचत नाही इकडे.”

“असू दे.”

“आज मधल्या ओळीला फूल आलंय.”

“चांगलं झालं.”

“दिसतंय का तुला काही?”

जाळीच्या दारापलीकडे सगळं हिरवं, पसरट होतं. त्यात एक पांढरा ठिपका सरकत होता. तो दादाचा कोट.

“दिसतंय,” ताई म्हणाली. “खालची राहिलीये.”

पांढरा ठिपका थांबला. मग तो मागे वळला आणि हळूहळू, गुडघ्यांना सांभाळत, खाली वाकला.